उत्तरेची भिंत आणि ताईची सासू

वऱ्हाडात थंडी पडते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. अमरावतीच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे एक बाई कोकणातून बदलून आल्या. इथल्या उन्हाची कीर्ती ऐकून त्यांनी माठ, पंखा, वाळ्याचे पडदे असं सगळं आणलं, आणि डिसेंबरात दोन स्वेटर चढवून वर्गात उभ्या राहू लागल्या. घरात वारं कुठून येतं तेच कळत नाही, म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, ते शोधायचं काम दिवाळीच्या आत करायचं असतं. आता उन्हात बसा.

हे काम मला लहानपणापासून ठाऊक आहे. आमचं घर वलगावपासून पायी तासाभरावरच्या एका खेड्यात होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, वर कवेलू, म्हणजे कौलं. तीन बाजूंच्या भिंती मातीच्या, चांगल्या जाड. पाठच्या खोलीची उत्तरेकडची भिंत तेवढी कुडाची. तुरीच्या वाळक्या काड्या, म्हणजे तुराट्या, उभ्या लावायच्या, बांबूच्या आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी चिखल थापायचा. या थापण्याला आमच्याकडे छाबणं म्हणतात. पावसाळाभर ही भिंत पाणी पिऊन फुगायची, आश्विनाच्या उन्हात आकसायची. खालून उधई काड्या पोखरायची, मधून उंदीर रस्ते काढायचे. आणि गाविलगडाच्या डोंगरावरून उतरणारं वारं नेमकं तिच्यावरच यायचं. म्हणून दसरा झाला की ती नव्याने छाबायची, हे दरवर्षीचं ठरलेलं काम. मला ते सणापेक्षा जास्त आवडायचं.

सुरुवात दिव्याने व्हायची. उजाडायच्या सुमाराला वारं सुटतं. त्या वेळी मी रॉकेलची चिमणी हातात धरून भिंतीला लागून चालायची. चिमणी जमिनीपासून वर, वरून खाली, एक वीतही सोडायची नाही. ज्योत वाकली की ओरडायचं, "इथी!" माय मागून येऊन तिथे कोळशाने फुली मारायची. पुन्हा दोन पावलं, पुन्हा "इथी!" डोळ्यांनी धड दिसणाऱ्या भिंतीत इतकी भोकं निघायची की मला शिकारीला निघाल्यासारखं वाटायचं. फुल्यांची संख्या वाढली की माय वैतागायची आणि मी खूश व्हायची.

मी सातवीत होते त्या सालची ही गोष्ट. आम्ही बौद्ध झाल्याला पाचेक वर्षं झाली होती. माझी मोठी बहीण, आमची ताई, आदल्या वर्षी लग्न होऊन अकोल्याला गेली होती. दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे ओसरीवर उभं राहून मीच ते मोठ्याने वाचलं. ताईला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, हे जावयाला मान्य होतं. "परंतु आईचे म्हणणे असे पडते की, पौषातल्या थंडीत कुडाच्या घरात बाळंतीण ठेवणे बरे नाही. इथे आपली विटांची खोली आहे. तरी भाऊबीज झाल्यावर आई स्वतः येऊन खोली पाहील आणि मग काय ते ठरवील."

पत्राच्या तळाशी ताईच्या हाताची ओळ होती. "माय, मले तुह्यापाशीच याचं आहे. इथी सगळ्यायच्या समोर मोठ्यानं वरडता बी येनार नाई."

मायने ती ओळ मला तीनदा वाचायला लावली. मग पत्र घेऊन कनवटीला लावलं आणि म्हणाली, "येते तं येऊ दे पाहाले. सुई जाईन एवढी फट सापडली तं माह्यं नाव नाई."

ताईच्या सासूचं म्हणणं खोटं होतं असंही नाही. आदल्याच हिवाळ्यात आमच्या आळीत एका बाळंतिणीचं लेकरू बाराव्या दिवशी थंडीने गेलं होतं, आणि ते घरही कुडाचंच होतं. मायला हे माहीत होतं. म्हणूनच तिला सासूचा राग आला होता, आणि म्हणूनच तिने त्या दिवशी जेवायच्या आधी भिंत ठोकून पाहायला सुरुवात केली.

इथे बाबा मध्ये पडले.

बाबा वीस वर्षं दुसऱ्याच्या शेतात सालदार होते. त्या साली उन्हाळ्यात त्यांचं स्वतःचं शेत झालं, तीन एकर काळी. तेव्हापासून ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी मातीचं ढेकूळ हातात द्यायचे आणि म्हणायचे, फोडून पाहा. पत्राच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणाची तरी बैलबंडी मागून आणली आणि त्या शेतातली काळी माती भरून अंगणात ओतली.

"हे काहून आनली?" मायने विचारलं.

"छाबाले."

"कायी माती भितीले लावते कोनी?"

"आपली आहे."

"आपली आहे तं वावरात ठेवा!"

बाबा म्हणाले, "वीस वर्सं लोकायच्या वावराची माती आंगाले लावली. आता माह्या नातवाच्या खोलीले माह्या वावराची लागन."

शेजारी बाबांचे मोठे भाऊ राहायचे. त्यांची बायको, आमची मोठीमाय, कुंपणावरून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "लावा भाऊजी, लावा. भितीवर कापसाची पऱ्हाटी उगीन मंग."

"उगली तं येचाले या, वयनी," बाबा म्हणाले.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की पीक घ्यायचं काळीत आणि गाव बसवायचं पांढरीवर. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीला पांढरीच लागते. गावाच्या उगवतीला जुन्या गढीचा पांढऱ्या मातीचा टेकाडासारखा ढीग होता, आणि अख्खा गाव तिथूनच माती आणायचा. बाबांना हे कळत नव्हतं असं कसं म्हणू? पण त्या पांढरीचा एक जुना रिवाज होता. वरच्या अंगाची कोरी माती गावाने घ्यायची, आणि आमच्या आळीने खालून, जिथे पावसाने खार साचतो तिथून. तेही गावाचं घेऊन झाल्यावर. बौद्ध झाल्यापासून बाबा त्या टेकाडाकडे फिरकले नव्हते. लिंपायला ते नाल्याकाठची माती आणायचे आणि दर वर्षी ती कमी पडायची. या वर्षी त्यांच्याकडे स्वतःची माती होती. त्यांना कोण आवरणार?

मायने दोन दिवस त्या ढिगाला वळसा घातला, मग छाबायला बसली. मीही बसले. खरं सांगते, त्या मातीला हात लावल्यावर मी बाबांच्या बाजूची झाले. पांढरी माती हाताला खरखरीत लागते. काळी लोण्यासारखी पसरते, बोटांच्या मागे मागे येते. संध्याकाळी सगळी भिंत पिकल्या जांभळासारखी चमकत होती. बाबा मागे सरले, पुढे गेले, पुन्हा मागे सरले. मोठीमाय येऊन पाहून गेली आणि काही बोलली नाही, म्हणजे तिलाही आवडली असावी.

चौथ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा खोलीतून आवाज आला, कट्. आत गेले तर भिंतीवर छतापासून खालपर्यंत एक रेघ. रात्रीच्या जेवणापर्यंत एकीच्या तीन झाल्या. सहाव्या दिवशी रेघांचं जाळं झालं आणि माझी करंगळी आत जाऊ लागली. चैत्रात वावर भेगाळतं ना, तसं अख्खं वावर कुणी उचलून खोलीत उभं करून ठेवावं, तशी ती भिंत दिसत होती. चिमणी लावायची गरजच नव्हती. तरी सकाळी मी लावली. ती दारातच विझली.

बाबांनी भेगेतली माती बोटांत चुरून पाहिली. मग म्हणाले, "माती बेस आहे. जागा चुकली."

माय म्हणाली, "भाऊबीजेले अकरा दिस आहेत."

ओट्यावर कोळशाने रेघा मारून आम्ही दोघींनी हिशोब मांडला. पांढरी माती कुटारात, म्हणजे गव्हाच्या भुशात, कालवून चार दिवस कुजवायची. त्याशिवाय तिला चिकटपणा येत नाही. छाबायला एक दिवस. वाळायला सहा. चार, एक, सहा. बरोबर अकरा. एक दिवसही शिलकीत नाही. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता पळत सुटावं आणि टोपली घेऊन यावी.

त्याच दिवशी काळी माती उतरवली. ती तरी सोपी गेली. मोठाले पापुद्रे अखंड सुटून हातात येत होते. बाबांनी ते बंडीत भरून वावरात नेऊन टाकले. यात लाजण्यासारखं काही नाही, असं त्यांनीच आम्हाला येता-जाता सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय, मोठीमाय आणि मी पांढरीवर गेलो. मायच्या खांद्यावर कुदळ, आमच्या डोक्यावर टोपल्या. माय खालच्या अंगाला थांबलीच नाही. सरळ वर चढली आणि कोऱ्या मातीत कुदळ मारली. टेकाडाशेजारी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं घर होतं. तो ओट्यावर दात घासत बसला होता.

"खालून खना वो बाई, खालून," तो म्हणाला.

"खालच्या मातीत खार आहे, दादाजी. वरची चांगली आहे," मायने कुदळ न थांबवता सांगितलं. "तुमाले मालूमच असन."

"मालूम आहे म्हून तं सांगून राहिलो."

"मले बी मालूम आहे म्हून तं वर आली."

म्हाताऱ्याने चूळ भरली. हाकलून द्यायला यावं तर तो एकटा आणि आम्ही तिघी, त्यातल्या एकीच्या हातात कुदळ. त्याने वेगळाच मार्ग काढला. आम्ही टोपली भरून निघालो की तो मोठ्याने मोजायचा. "एक!" आम्ही परत आलो, भरली, निघालो. "दोन!" गावाला ऐकू जावं असा आवाज. तिसऱ्या टोपलीला मोठीमाय त्याच्या आधीच ओरडली, "तीन! मोजा दादाजी, चुकू नका!" चौथीला ती आणि मी दोघी ओरडलो. पुढे तो मोजायचा थांबला, पण आम्ही नाही. छत्तीस टोपल्या झाल्या. छत्तिसावी मायनेही आमच्याबरोबर म्हटली. ती इतकी मोठ्याने बोललेली मी तोपर्यंत ऐकली नव्हती.

अंगणात आळं करून त्यात माती, कुटार, शेण आणि पाणी घालून ठेवलं. चार दिवस त्याचा असा वास सुटला की बाबांनी जेवणाचं पान ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मांडायला सांगितलं. वास आला म्हणजे माती तयार होते आहे, त्यामुळे मी दिवसातून दहा वेळा जाऊन हुंगून यायची. मधल्या दिवसांत कुजलेल्या तुराट्या काढून नव्या घातल्या आणि उंदरांच्या वाटा बुजवल्या. बुजवायला आमच्याकडे एकच चीज, कवडी. पहिल्या वेचणीतला डाग पडलेला कापूस, जो बाजारात कुणी घेत नाही. बाबांच्या खांद्यावर उभी राहून मी कवेलू आणि भिंत यांच्या मधल्या फटीत तो कोंबला. बाबा खालून विचारायचे, "झालं काय?" मी म्हणायची, "अजून." झालेलं असायचं, पण तिथून शेजारच्या चार अंगणांत काय चाललंय ते सगळं दिसायचं.

चौथ्या दिवशी चिखल तुडवायचा होता. मायने कुणाला बोलावलं नव्हतं, पण पांढरीवरच्या मोजणीची गोष्ट आळीत फिरली होती. सात-आठ बाया लुगडी खोचून आळ्यात उतरल्या. एकमेकींचे खांदे धरून गोल गोल. पाय खाली गेला की चिखल पोटरीला घट्ट धरतो आणि सोडताना बचक्कन आवाज करतो. मी दोनदा पडले.

"सातवी शिकून राहिली," मोठीमाय सगळ्यांना सांगू लागली, "पन पाय अजून पैलीत आहेत!"

"पास करा ना मंग," मी म्हटलं, आणि तिसऱ्यांदा पडताना तिला घेऊन पडले.

पाचव्या दिवशी भिंत छाबून झाली. पांढरी, खरखरीत, ओबडधोबड. काळीच्या निम्म्यानेही देखणी नाही. पण बसली.

आणि आठव्या दिवशी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, सकाळी ताईची सासू दारात उभी.

उंच, हाडकुळी बाई, हातात काळी छत्री. वलगावला तिचा भाऊ असतो, त्याच्याकडे आली होती. मायने घाईघाईने पदर सारखा केला. "इहीनबाई, तुमी तं भाऊबीजेनंतर येनार होत्या."

"होती," ती चपला काढत म्हणाली. "पन सांगून पाहाले आलं तं घर नाई दिसत. पाहुनचार दिसते."

पाणीसुद्धा न घेता ती सरळ पाठच्या खोलीत गेली. वर पाहिलं, खाली पाहिलं, छत्रीच्या टोकाने कोपरे टोचले. मग तळहात भिंतीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"ओली आहे."

"वायून राहिली," माय म्हणाली. "तीन दिसांत खडखडीत होते."

"मले उद्या जाचं आहे. तीन दिसाचं कोन पाहालं? ओली भित म्हंजे दुप्पट हिव, इहीनबाई. माह्ये केस उन्हात नाई पिकले."

"तुमी सांगा मंग, कसं दाखवू तुमाले?"

सासूने थोडा विचार केला. "आजची रात मीच झोपतो या खोलीत. मले हिव वाजलं तं पोरगी माह्यापाशी. नाई वाजलं तं तुमच्यापाशी. हाव काय?"

"हाव," माय म्हणाली. सासू मोठीमायकडे चहाला गेली ती दिवस मावळेपर्यंत तिथेच रमली, आणि तिची पाठ वळताक्षणी आमच्या घरात आग लागल्यासारखी धावपळ सुरू झाली. आग लागलीही, बाबांनी लावलीच. फुटक्या घमेल्यात बाभळीचे निखारे भरून त्यांनी ते भिंतीशी नेऊन ठेवलं आणि सुपाने वारं घालायला लागले. थोड्या वेळाने भिंतीतून वाफ निघायला लागली. मी आणि माय कवडीचं गाठोडं घेऊन उरलेल्या फटी शोधत होतो. खिडकीला पोतं ठोकलं. दाराखालच्या फटीत चिंध्यांची वळकटी बसवली. आळीतून दोन जादा गोधड्या आल्या. बाबा घमेलं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकवत होते, घाम पुसत होते आणि मला विचारत होते, "हात लावून पाह्य. वायली काय?" दिवस मावळेपर्यंत त्यांनी चार वेळा निखारे बदलले. शेवटी भिंत हाताला कोरडी लागली. निदान वरून तरी.

जेवणानंतर सासू आत गेली. मायने ताज्या निखाऱ्यांचं घमेलं तिच्या पायथ्याशी ठेवलं, दार ओढलं, आणि बाहेरून चिंध्या पुन्हा नीट खोचल्या. रात्री काय झालं ते मला माहीत नाही. मी झोपले.

सकाळी उठले तर त्या मोसमातलं पहिलं खरं वारं सुटलं होतं. असं गार की घागरीतलं पाणी तोंडावर घेववत नव्हतं. नेमकं त्याच दिवशी. माय चुलीपुढे होती. चहा उकळून आटला होता, तिने पुन्हा पाणी घातलं. बाबा ओसरीवर बैलाच्या दोरीला गाठ मारत होते, सोडत होते, पुन्हा मारत होते. मोठीमाय उगाच आमचं अंगण झाडत होती. ऊन ओसरीवर चढलं तरी दार बंद.

मग ते धाडकन उघडलं.

आधी एक गोधडी बाहेर आली, मग दुसरी, मग ताईची सासू. पदर खांद्यावरून सुटलेला, केस कपाळाला चिकटलेले, तोंड लाल.

"पानी," ती म्हणाली.

मायने तांब्या दिला. तिने तो संपवून परत दिला, मायने भरून दिला, तोही संपवला.

"हिव वाजलं काय?" मायने विचारलं.

"हिव?" सासू ओसरीवर मटकन बसली. "मी भाजली ना बाप्पा! तव्यावरच्या भाकरीवानी! एकीकडून झाली तं कड बदलली, मंग दुसरीकडून! पहाटे त्या घमेल्यावर उशाचं पानी ओतलं तवा कुठी डोया लागला."

मोठीमाय झाडू तोंडावर धरून वळली. मला हसू आवरत नव्हतं. पण सासू हसत नव्हती.

"हसू नका. डोक्सं ठनकून राहिलं माह्यं. निखाऱ्याचा धूर कोंडला, वारं नाई जाले जागा. मी दार लोटलं, तं खालून चिंध्या खोचून ठेवलेल्या. मोठी बाई होती म्हून लाथ मारून उघडलं. बाराव्या दिसाचं लेकरू कोनाले लाथ मारन?"

मायचा चेहरा उतरला. बाबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. माझ्या मनात आलं, गेलं सगळं. ताई अकोल्यालाच राहणार. आणि बाईंचं बोलणं खरं होतं, हे त्याहून वाईट. गारठा शिरू नये म्हणून आम्ही इतका जीव टाकला की आत माणूस श्वास घेणार आहे, हेच विसरलो.

सासूने पदर सावरला, केस मागे घेतले.

"पन हिव नाई वाजलं," ती म्हणाली. "शब्द देल्ला तो देल्ला. इवाई, सब्बल आहे काय घरात?"

बाबा उठले आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आले. ताईच्या सासूने त्यांना पाठच्या खोलीत नेलं आणि दक्षिणेच्या भिंतीसमोर उभं केलं. कवेलूच्या खाली हातभर जागा बोटाने दाखवली. "इथी. वारं उत्तरेकून येते, धूर इकून जाईन. घमेलं पेटवाचं आंगनात. निखारा लाल झाला, धूर सरला, मंगच आत. आन दार लोटून घ्याचं, खालून काई खोचाचं नाई."

बाबांनी सब्बल उचलली. इतके दिवस भोकं बुजवण्यात घातलेल्या घरात आता बाबा भोक पाडत होते. मातीची ढेकळं बदाबदा खाली पडत होती आणि आळीतल्या त्याच सात-आठ बाया दारात दाटीने उभ्या राहून पाहत होत्या. आरपार उजेड दिसला तेव्हा त्यांतली एक ओरडली, "झालं!" मायने निखारे आणले. आम्ही सगळ्या मान वर करून पाहत राहिलो. धुराची एक बारीक रेघ वर गेली, भोकापाशी घुटमळली आणि बाहेर निघून गेली.

"आता झाली खोली," सासू म्हणाली.

माय अजून धीर धरून होती. "मंग पोरीले कवा धाडता?"

"धाडत नाई. मीच घेऊन येतो, आठ-दहा दिसांनी, सातवा सराच्या आंदी." मग चहाची कपबशी उचलून ती सहज म्हणाली, "आन पौषात मी बी येऊन राहीन. सव्वा महिना."

"सव्वा महिना?"

"आमची इटाची खोली रातभर अशी गार पडते, इहीनबाई, का माह्ये गुडघे सकायी उघडत नाईत. इथी आज कसे उघडले पाहा." आणि तिने बसल्या जागी दोन्ही पाय लांब करून, पुन्हा मुडपून दाखवले.

चहा पिऊन, छत्री घेऊन ती वलगावच्या वाटेला लागली. बाबा तिला पोचवायला गेले. माय दारात उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. मला वाटलं ती आता रडेल किंवा हसेल, दिवाळीचं काही गोड करायला घेईल. ती वळली आणि पुढच्या खोलीची भिंत ठोकून पाहायला लागली. तीन ठिकाणी भदभद, पोकळ वाजली.

"ऊठ," ती मला म्हणाली. "कुटार भिजू घाल. सव्वा महिना ते बाई त्या खोलीत राहीन, तं आपुन झोपाचं कुठी?"